लर्निंग लायसन्सवर घरची गाडी चालवताना विमा लागू होतो का?

रुईफूल
घरात कुणी नव्याने लर्निंग लायसन्स काढलं की सरावाचा प्रश्न येतोच. ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास संपतात, पण हात बसायला घरचीच गाडी लागते. समजा गाडी वडिलांच्या नावावर आहे, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे (म्हणजे समोरच्याचं आणि स्वतःच्या गाडीचं, दोन्ही नुकसान धरणारी), चालवणार मुलगी आणि शेजारी वडील. अशा वेळी गाडी ठोकली गेली तर कंपनी क्लेम देते का? एजंट म्हणतात 'काही होत नाही', गॅरेजवाले म्हणतात 'पक्कं लायसन्स असेल तरच'. दोघंही ठामपणे सांगतात, म्हणून इथे विचारतेय. नियम माहीत असणाऱ्यांनी कृपया नीट सांगावं.

किक_मारा
गॅरेजवाल्यांचं चुकीचं आहे. लर्निंगवर क्लेम मिळतो.

पंचनामा
@किक_मारा, मिळतो, पण अटींसकट. त्या अटी न सांगता 'मिळतो' म्हटलं की माणसं गोत्यात येतात.

पॉलिसीचा कागद काढा. त्यात 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा एक परिच्छेद असतो. त्याचा अर्थ असा: अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे चालू स्थितीतलं लायसन्स हवं आणि त्याला लायसन्स बाळगायला अपात्र ठरवलेलं नसावं. त्याच परिच्छेदात पुढे लिहिलेलं असतं की लर्निंग लायसन्स असलेली व्यक्तीही गाडी चालवू शकते, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळलेला हवा. सगळी मेख या नियम ३ मध्ये आहे.

त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, लर्निंग लायसन्स चालू हवं. त्याची मुदत सहा महिन्यांची. दुसरी, सोबत शिकवणारा हवा, त्याच्याकडे त्याच प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. म्हणजे पुढच्या सीटवर. वडील मागे बसून सूचना देत असतील तर नियम मोडलाच. तिसरी, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल'. मापंही दिलेली आहेत: पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच, जाडी २ सेंटीमीटर आणि तळाशी रुंदी ९ सेंटीमीटर. काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला छोटा स्टिकर या मापात बसत नाही.

या तिन्ही गोष्टी पाळल्या असतील तर केवळ लर्निंग लायसन्स आहे म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

अबोली_२
शिकवणाऱ्याला ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना लागतो का? की घरातलं कुणीही चालेल?

पंचनामा
घरातलं चालतं. त्याच्या लायसन्सवर ती गाडी हवी, एवढंच. फक्त दुचाकीचं लायसन्स असलेला भाऊ कारमध्ये शिकवणारा म्हणून चालणार नाही. आणि एक व्यावहारिक गोष्ट. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मधला हँडब्रेकचा दांडा जाऊन बटण आलंय. सराव सुरू करण्याआधी शेजारी बसणाऱ्याने चालत्या गाडीत ते बटण ओढून धरल्यावर काय होतं हे मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगात तपासून घ्यावं. काही गाड्यांत ते बटण चालकाच्या उजव्या हाताला असतं. अशा गाडीत शेजारच्याला काहीच करता येत नाही. ती गाडी शिकायला घेऊ नये.

डोंगरवाट
दुचाकीचं काय? शिकवणारा मागे बसायचा का?

चक्रधर
नियम वाचला तर हो. दुचाकीवर शिकताना शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही. मित्राला मागे बसवून कॉलेजला जाणं हा थेट भंग आहे.

दुचाकीवाल्यांसाठी आणखी एक. टेस्टला जी गाडी नेता तीच लायसन्सवर चढते. बिनगिअरची स्कूटर नेली तर कार्डावर 'एमसीडब्ल्यूओजी' येतं आणि त्या लायसन्सवर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. गिअरची गाडी नेऊन पास झालात तर 'एमसीडब्ल्यूजी' येतं, त्यात स्कूटरही चालते. म्हणून टेस्टला गिअरची गाडी न्यावी. पुढे कधी मोटारसायकल हाती आली आणि अपघात झाला तर 'या प्रकारच्या गाडीचं लायसन्स नव्हतं' असा शेरा पडतो.

प्रत्येकाने आपलं कार्ड एकदा नीट वाचावं. वाहनाच्या प्रकारांची यादी असते आणि प्रत्येक प्रकारापुढे तो कधी मिळाला ती तारीख असते. मुदतही दोन असू शकतात, खासगी वाहनांची वेगळी आणि व्यावसायिक वाहनांची वेगळी. लोक एकच तारीख बघतात.

खिडकीची_जागा
आमच्या सोसायटीत सोळा वर्षांची मुलं 'आमच्याकडे लायसन्स आहे' म्हणून सर्रास स्कूटर फिरवतात. ते कसं काय?

चक्रधर
सोळाव्या वर्षी मिळतं ते पालकांच्या संमतीने, ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचं. बाजारात चालणाऱ्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत. त्या चालवायला अठरा पूर्णच हवीत. म्हणजे ते लायसन्स त्या स्कूटरपुरतं नसल्यासारखंच. (२५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीवाल्या दुचाकीला लायसन्स लागत नाही, पण तिची मोटर बदलून वेग वाढवला की ती सूट संपली.)

वकिली_बाणा
वरच्या मुद्द्याला जोडून मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ सांगतो, कारण पालकांना ते माहीत नसतं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि 'मला माहीत नव्हतं' हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. मुलाकडे लायसन्स किंवा लर्निंग असेल आणि तो त्याच प्रकारची गाडी चालवत असेल तर पालक सुटतो. ११० सीसीच्या स्कूटरवर ५० सीसीचं लायसन्स असेल तर सुटत नाही.

किक_मारा
पण मुळात थर्ड पार्टीचे, म्हणजे अपघातातल्या समोरच्या माणसाचे, पैसे तर कोर्ट मिळवून देतंच ना, लायसन्स असो वा नसो? मग मालकाला घाबरण्यासारखं काय आहे?

वकिली_बाणा
हाच सगळ्यात महाग गैरसमज आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एकाच अपघातात दोन वेगळे हिशेब असतात. एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तो तुमचा आणि कंपनीचा करार. तिथे ड्रायव्हर्स क्लॉज मोडला की कंपनी हात वर करू शकते. दुसरा हिशेब समोरच्या जखमी किंवा मृत माणसाचा. त्याने तुमच्याशी काही करार केलेला नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. लायसन्स नसलेल्याने अपघात केला तरी न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला सांगतं, आधी पीडिताला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात या विषयाची चौकट आहे. त्यात हेही आहे की नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून भागत नाही, मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे कंपनीला दाखवावं लागतं. पण घरातल्या मुलाला स्वतः किल्ली दिली असेल तर ते दाखवणं अवघड नाही.

म्हणजे पीडिताला पैसे मिळतात, हे खरं. ते शेवटी कुणाच्या खिशातून जातात, हा प्रश्न राहतो. शारीरिक इजा आणि मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. कमावत्या तरुण माणसाचा मृत्यू असेल तर रक्कम सहज काही लाखांच्या पुढे जाते आणि ती वसुली मालकावर, त्याच्या मालमत्तेवर येते. विनालायसन्स चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे आणि लोक त्यालाच घाबरतात. तसल्या माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही वेगळा ५,००० चा दंड आहे. पण दंडाची रक्कम या वसुलीपुढे काहीच नाही.

लालपरी
लायसन्स संपल्यावर तीस दिवसांची सवलत असते ती इथेही लागू होते ना? सर्वांना सांगत असते मी.

चक्रधर
@लालपरी, ती सवलत आता नाही. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालू धरायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. त्याऐवजी नूतनीकरणाची खिडकी मोठी केली: मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि संपल्यावर एक वर्षापर्यंत टेस्ट न देता नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट.

या 'एक वर्षापर्यंत' शब्दांनी घोळ होतो. लोकांना वाटतं वर्षभर चालवायची मुभा आहे. तसं नाही. ती मुभा अर्ज करण्याची आहे. संपल्यानंतर अर्ज केला तर लायसन्स नूतनीकरणाच्या तारखेपासून चालू होतं, मागच्या तारखेपासून नाही. मधल्या दिवसांत अपघात झाला तर त्या दिवशी चालू लायसन्स नव्हतं, झालं.

लालपरी
अरे बापरे. धन्यवाद, आजपासून सांगणं बंद. मुदती किती वर्षांच्या असतात तेही कुणी लिहा ना.

चक्रधर
खासगी वाहनांसाठी: तीस वर्षांच्या आत काढलं तर चाळीस पूर्ण होईपर्यंत. तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठ होईपर्यंत. पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षं. व्यावसायिक वाहनांसाठी पाच वर्षं. जुन्या कार्डावर त्या वेळच्या नियमाची तारीख आहे, तीच खरी. चाळिशीनंतर नमुना १अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, ते आधीच घेऊन ठेवलं तर अर्ज अडत नाही.

ज्यांच्याकडे जुनं पुस्तक किंवा हाताने लिहिलेलं लायसन्स आहे त्यांनी सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर) नंबर टाकून बघावा. नोंद सापडली नाही तर आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुन्या लायसन्सची संगणकावर नोंद) करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. यात दिवस जातात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात हे लक्षात आलं तर मधे खंड पडलाच म्हणून समजा.

गिअरबॉक्स
थोडं विषयांतर, पण इथे छोटा टेम्पो चालवणारे वाचत असतील. साध्या एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक, हलकी गाडी चालवली म्हणून क्लेम अडकण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालू होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते संपवलं. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि घातक माल वाहणारी वाहनं यांचे नियम वेगळेच आहेत. वजन बघताना रिकाम्या गाडीचं बघू नका, आरसीवरचं एकूण वजन बघा.

उलट बाजूने मात्र सवलत नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवली आणि अपघात झाला, तर लायसन्स कितीही पक्कं असो, पॉलिसीतल्या वापराच्या मर्यादेवर क्लेम अडतो.

अबोली_२
लायसन्सचं कळलं. पण विमा चालू आहे की नाही हे एमपरिवहन ॲपवर दिसतं तेवढं पुरेसं आहे का? तिथे हिरवं दिसतंय.

पंचनामा
@अबोली_२, फार महत्त्वाचं विचारलंत. नाही, पुरेसं नाही.

१ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. ॲपवर विमा चालू दिसतो, पोलीसही काही म्हणत नाहीत, आणि वर्षानंतर गाडी चोरीला गेली की मालकाला कळतं, ओडी कधीच संपलाय. दुचाकींमध्ये हे सर्रास होतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगळ्या तारखांच्या ओळी असतात, ओडीची आणि टीपीची (थर्ड पार्टीची). दोन्ही वाचा. सप्टेंबर २०१९ पासून नुसता ओडी वेगळा विकत घेता येतो, तोही दुसऱ्या कंपनीकडून चालतो.

ओडी संपून नव्वद दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. आणि खंड पडल्यावर कारचा विमा घेताना कंपनी आधी गाडीची तपासणी करते.

डोंगरवाट
बोनसचा विषय निघालाच आहे तर: शिकताना बंपर घासला जाणारच. त्याचा क्लेम करावा की स्वतः भरावं?

पंचनामा
गणित करून बघा. बंपर ६,००० रुपयांचा आणि रंगकाम ४,००० रुपये. झीरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नाही असं धरू. बंपर प्लास्टिकचा, त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,००० कापले. रंगात साहित्याचा भाग २५ टक्के धरतात, तो १,०००, त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ५०० गेले. राहिले ६,५००. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने स्वतः सोसायची रक्कम, १,००० (१,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,०००, त्यावर २,०००). हातात ५,५००.

आता बोनस. पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. समजा तुम्ही ५० टक्क्यांवर आहात आणि बोनस धरण्याआधीचा ओडी प्रीमियम १०,००० आहे. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे ५,००० जास्त भरायचे. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के मिळतो, तोटा ३,०००. मग २,५००, १,५००, ५००. एकूण १२,५००. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल. तरी ५,५०० साठी हा व्यवहार तोट्याचाच. झीरो डेप असेल किंवा बोनस शून्यावरच असेल तर उत्तर बदलतं. शिकण्याच्या काळात छोटे ओरखडे साठू द्या, रंग शेवटी एकदाच करा.

मोठी ठोकर असेल तर मात्र आधी कंपनीला कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत गाडी उघडू नका. फोटोंत 'एल'ची पाटी पुढून-मागून दिसेल असं बघा. लर्निंगच्या क्लेममध्ये तीच पहिली विचारली जाते.

खिडकीची_जागा
झीरो डेप घेतलं की सगळं फुकट असं शोरूममध्ये सांगतात.

गिअरबॉक्स
सगळं नाही. सक्तीची वजावट राहते, वर्षाला किती क्लेम याची मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते. पाणी भरलेल्या गाडीला स्टार्टर मारून इंजिन बसलं तर ते झीरो डेपमध्ये येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं कव्हर वेगळं. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंद हवी.

रुईफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. वडिलांची गाडी, मुलगी चालवतेय, नियम ३ पाळलाय. गाडीचा क्लेम मिळेल, समोरच्याची भरपाई कंपनी देईल. पण मुलीलाच काही झालं तर? पॉलिसीत १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर दिसतंय.

वकिली_बाणा
ते १५ लाख तिच्यासाठी नाहीत. त्याचं नावच 'ओनर-ड्रायव्हर' आहे. ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी आहे त्याच्यापुरतं ते कव्हर, आणि त्याचं स्वतःचं लायसन्स चालू असेल तरच. वडिलांचं लायसन्स संपलेलं असेल तर हप्ता भरूनही ते उपयोगाचं नाही. (शिवाय संपलेल्या लायसन्सवर ते शिकवणारे म्हणूनही चालत नाहीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी अडचण.)

मुलगी थर्ड पार्टीही नाही. मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा माणूस मालकाच्या जागी धरला जातो. त्यामुळे तिच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला तर ती या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागू शकत नाही. बायकोच्या नावावरची गाडी नवरा चालवतो, भावाची गाडी भाऊ चालवतो, सगळीकडे हेच. घरोघरी ही फट आहे आणि पॉलिसी घेताना ती कुणी दाखवत नाही.

अबोली_२
मग त्यावर उपाय काय?

पंचनामा
तिच्या नावाने स्वतंत्र पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी. ती गाडीला चिकटलेली नसते, त्यामुळे कुठल्याही गाडीत, रस्त्यावर चालतानासुद्धा लागू. मृत्यूबरोबर कायमचं आणि अंशतः अपंगत्व दोन्ही त्यात आहे का ते बघा. आणि अपवादांच्या यादीत विनालायसन्स वाहन चालवण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, लर्निंगचा उल्लेख नसेल तर कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. पुढे तिच्या नावावर गाडी झाली आणि तेव्हा हिची रक्कम किमान १५ लाख असेल, तर गाडीच्या पॉलिसीत ओनर-ड्रायव्हर कव्हर पुन्हा घ्यावं लागत नाही. घोषणापत्र द्यायचं.

चक्रधर
आणि तारखांचं बघा. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सच्या टेस्टला जाता येतं आणि सहा महिन्यांनी लर्निंग संपतं. स्लॉट मिळायला वेळ लागतो, म्हणून तीस दिवस झाल्या झाल्या स्लॉट घ्या. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. टेस्टला नेणाऱ्या गाडीची आरसी, विमा, पीयूसी तिन्ही चालू हवीत, नाहीतर स्लॉट वाया जातो. टेस्टला घरून स्वतः चालवत जायचं असेल तर तेव्हाही शेजारी शिकवणारा आणि पाट्या लावलेल्या हव्यातच.

रुईफूल
वडिलांचं कार्ड काढून बघितलं. मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच करता येईल. तो आधी करतो, मग सराव सुरू.